पानावरील पाहुणे शब्द

कोणतीहि विद्या घ्या, तिच्या दारावर परिभाषेचा पहारा बसलेला असतोच. सुताराच्या हाताखालीं राहणाऱ्या मुलास पहिल्या आठवड्यांतच रंधा, पटाशी व गिरमिट हे शब्द ओळखावे लागतात. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास समास व प्रयोग यांच्याशीं सलगी करावी लागते. परंतु या शब्दांत आणि आमच्या गिटारच्या वर्गांतील मुलामुलींच्या वाट्यास येणाऱ्या शब्दांत एक मोठा भेद आहे. सुताराचा शब्द हत्याराकडे बोट दाखवितो; हत्यार हातांत आलें कीं अर्थहि हातांत आला. गिटारच्या पानावरचा शब्द कोणत्याहि वस्तूकडे बोट दाखवीत नाहीं. तो एखादी गति, एखादा स्पर्श, एखादी मनाची वृत्ति सुचवितो, आणि तीहि परक्या भाषेंत. या पाहुण्यांची आमच्या विद्यार्थ्यांशीं नीट ओळख करून द्यावी, एवढ्याच हेतूनें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थी काय करतात तें आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. वहींत दोन रकाने आंखले जातात. डावीकडे 'आंदान्ते', उजवीकडे 'मध्यम गति'. डावीकडे 'आल्लेग्रो', उजवीकडे 'जलद'. आणि मग संध्याकाळभर वसतिगृहाच्या ओसरीवर त्यांची घोकंपट्टी चालते. परीक्षकानें विचारावें आणि उत्तर तयार असावें, यांत वाईट कांहीं नाहीं. पण तोच विद्यार्थी गिटार मांडीवर घेऊन वाजवूं लागला म्हणजे दिसून येतें कीं, शब्द रकान्यांतच राहिला आहे. हातापर्यंत तो आलाच नाहीं. एका मुलानें पानावरचा 'फीने' हा शब्द इंग्रजी समजून 'फाइन' असा वाचला, आणि 'येथपर्यंत छान झालें असें लिहिलें आहे, सर,' असें मोठ्या समाधानानें सांगितलें. वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. 'फीने' म्हणजे शेवट. प्रशंसेचा व त्याचा कांहीं संबंध नाहीं. तथापि त्या मुलाच्या बाजूनें एक गोष्ट बोलली पाहिजे. लिहिणारानें हा शब्द उगाच लिहिलेला नाहीं, त्याला माझ्याशीं कांहीं तरी बोलावयाचें आहे, हें त्यानें गृहीत धरलें होतें. नुसते रकाने घोकणाराच्या मनांत तेवढेंहि येत नाहीं.

हे शब्द परके कां, असें विद्यार्थी वारंवार विचारतात, आणि तो प्रश्न योग्यच आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत इटलीचे गवई, वादक व संगीतकार युरोपांतील राजदरबारांत आणि नाटकगृहांत पसरले, व त्यांच्याबरोबर त्यांची बोलीहि संगीताच्या पानावर उतरली. गिटारचें माहेर मात्र मुख्यत्वेंकरून स्पेन. आज जिला आपण शास्त्रीय गिटार म्हणतों तिचा आकार व बांधणी एकोणिसाव्या शतकांत आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिरानें स्थिर केली. माउरो जुलियानी (१७८१–१८२९) हा इटलीचा वादक व्हिएन्ना शहरांत कीर्तीस चढला. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) हा बार्सेलोनाचा. परंतु गिटारच्या शिक्षणावरील त्याचा ग्रंथ १८३० सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. अशा रीतीनें गति व भाव सांगणारे शब्द इटालियन, बोटांचीं नांवें व हाताच्या क्रिया स्पॅनिश, आणि मधूनच एखादा फ्रेंच, असा तीन भाषांचा मेळा एका पानावर जमला. या मेळ्यांत शिरतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं एकच गोष्ट ध्यानांत धरावी. हे शब्द विद्वानांनीं कोशांत बसून घडविलेले नाहींत. ते ज्या देशांतून आले तेथें बाजारांत, स्वयंपाकघरांत व रस्त्यावर बोलले जाणारे साधे शब्द आहेत.

'आंदान्ते' हाच शब्द घ्या. इटालियन भाषेंत त्याचा मूळ अर्थ 'चालत' असा आहे. किती सोपा शब्द! आणि आम्हां मराठी बोलणारांस तर तो अधिकच जवळचा वाटला पाहिजे. कारण आपल्या उपासनासंगीताच्या पुस्तकांत गीताच्या माथ्यावर राग व ताल यांच्या जोडीला 'चाल' हा शब्द आपण लहानपणापासून वाचत आलों आहों. गाण्याला चाल असते, म्हणजे गाणें चालतें, हें आपल्या भाषेनें कधींच ओळखून ठेवलें आहे. 'आंदान्ते'चा अर्थ 'मध्यम गति' असा लिहिला कीं, मुलें घड्याळाकडे पाहूं लागतात. 'चालत' असें सांगितलें कीं, तीं आपल्या पायांकडे पाहतात. म्हणून आम्ही वर्गांतील मुलांस गिटार खालीं ठेवावयास सांगतों व वऱ्हांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोंडानें स्वर म्हणत चालावयास लावतों. रेंगाळणारा मागें पडतो, घाई करणारास धाप लागते; आणि दोनतीन फेऱ्यांनंतर सर्वांस एक पाऊल सांपडतें. तें पाऊल घेऊन मुलें परत बांकावर बसलीं म्हणजे 'आंदान्ते' शिकविण्याचें काम बहुतेक संपलेलें असतें.

'आल्लेग्रो'चीहि तीच कथा. त्याचा मूळ अर्थ 'आनंदी'. आनंदी मनुष्य झपझप चालतो, म्हणून त्या शब्दाला वेगाचा अर्थ चिकटला. पण वेग हा आनंदाचा चाकर आहे, धनी नव्हे. दांत ओठ खाऊन जलद वाजविलेला 'आल्लेग्रो' हा नांवाचाच आल्लेग्रो होय. 'आदाजो' म्हणजे सवडीनें, सुखानें. 'लार्गो' म्हणजे रुंद, ऐसपैस. 'प्रेस्तो' म्हणजे त्वरित. आपल्या संगीतांतील विलंबित, मध्य व द्रुत हे शब्द लयीचें माप सांगतात आणि त्यांचें काम तेथें संपतें. या इटालियन शब्दांत मापाबरोबर स्वभावहि येतो. म्हणून विलंबित म्हणजे लार्गो आणि द्रुत म्हणजे प्रेस्तो असें सरळ समीकरण मांडणें धोक्याचें आहे. १८१५ सालीं मेल्त्सेल यानें लयमापक यंत्राचें स्वामित्व घेतलें, तेव्हांपासून मिनिटांत किती टोले हा आंकडा पानावर लिहितां येऊं लागला. तरी शब्द पानावरून गेले नाहींत, कारण आंकडा वेग सांगतो, वृत्ति सांगत नाहीं.

आतां आवाजाच्या लहानमोठेपणाचे शब्द पाहूं. 'पियानो' म्हणजे हळू, 'फोर्ते' म्हणजे जोरानें, आणि 'क्रेशेंदो' म्हणजे वाढत जाणारें. या तिसऱ्या शब्दाशीं आमच्या विद्यार्थ्यांची नेहमीं झटापट होते. क्रेशेंदो दिसला कीं ते त्याच क्षणीं तारेवर तुटून पडतात; मग वाढावयास जागाच उरत नाहीं. वाढावयाचें आहे म्हणून आरंभीं लहान असलें पाहिजे, हें मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत ऐकलेल्या मुलांस निराळें सांगावें लागूं नये. गिटारवर तर ही गोष्ट विशेष जपावी लागते. फिडलवादक एकच स्वर गजानें ओढतां ओढतां वाढवूं शकतो. गिटारचा स्वर जन्मतांच मावळूं लागतो. तेव्हां आमचा क्रेशेंदो हा एका स्वराचा नसतो, अनेक स्वरांच्या पायऱ्यांचा असतो. प्रत्येक स्वर मागच्याहून अंमळ मोठा जन्मास घालावा लागतो.

येथें आणखी एक गोंधळ दूर करूं. इंग्रजी 'पी' हें अक्षर गिटारच्या पानावर दोन ठिकाणीं भेटतें. स्वरपंक्तीच्या खालीं ठळक व तिरक्या ठशांत छापलेला 'पी' म्हणजे पियानो. स्वराच्या अगदीं शेजारीं लहान अक्षरांत असलेला 'पी' म्हणजे 'पुल्गार', स्पॅनिश भाषेंतील अंगठा. त्याच्या सोबतीला 'आय', 'एम्' व 'ए' हीं अक्षरें असतात. तीं इंदिसे, मेदियो व आनुलार, म्हणजे तर्जनी, मधलें बोट व अनामिका यांचीं. उजव्या हाताची करंगळी या वादनांत बहुधा विश्रांति घेते. डाव्या हाताच्या बोटांस आंकडे दिलेले आहेत, आणि शून्य म्हणजे मोकळी तार. ज्यास अंगठा व पियानो यांतील भेद कळला नाहीं तो अंगठ्याचे सर्व खर्ज स्वर दबकत दबकत वाजवितो, आणि आपण आज्ञा पाळीत आहों अशी त्याची समजूत असते! अर्थावांचून केलेलें आज्ञापालन कोठें नेतें याचें याहून लहान व याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

उजव्या हाताच्या दोन आघातांचीं नांवें 'आपोयांदो' व 'तिरांदो' अशीं आहेत. पहिल्याचा अर्थ 'टेकून', दुसऱ्याचा 'ओढून'. आपोयांदोंत तार छेडून झाल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकतें, आणि स्वर भरदार व घट्ट निघतो. सुरावट उठून दिसावी तेथें तो योग्य. तिरांदोंत बोट शेजारच्या तारेस न शिवतां तळहाताकडे जातें, म्हणून बाकीच्या तारा गुंजत राहतात. ज्या ठिकाणीं अनेक स्वर एकमेकांत मिसळावयाचे तेथें त्याचें काम. पहिल्या शब्दाचा अर्थ मुलास सांगितला कीं बोट आपोआप योग्य तें करतें. दुसऱ्या शब्दाच्या बाबतींत मात्र सावध राहावें. 'ओढून' हा शब्द अक्षरशः घेतला तर मूल तार वर उचलतें, आणि ती पडद्यांवर आपटून खडखडते. तार किंचित् दाबून सोडावयाची असते. शब्दाचा मूळ अर्थ हा वाटाड्या आहे, तो कानाची जागा घेऊं शकत नाहीं, हें सांगण्यासाठींच आम्हीं हें उदाहरण घेतलें.

गिटार हें एकाच रंगाचें वाद्य आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं 'पोंतिचेल्लो' व 'तास्तो' हे दोन शब्द शिकावे. पोंतिचेल्लो म्हणजे लहानसा पूल. तारा ज्या पट्टीवरून ताणून बांधलेल्या असतात तिला हें नांव आहे. मिरजेचे तंतुवाद्यें करणारे कारागीर तंबोऱ्याच्या याच भागास 'घोडी' म्हणतात. इटलीच्या मनुष्यास तेथें पूल दिसला, आमच्या कारागिरास घोडी दिसली. पण दोघांनींहि ओझें वाहणारी वस्तुच ओळखली, हें पाहून मौज वाटते. घोडीजवळ तार छेडली असतां वरचे अनुस्वर प्रबळ होतात, व आवाज कडक, धातूसारखा येतो. 'तास्तो' म्हणजे पडद्यांच्या पट्टीकडे हात सरकविला असतां मूळ स्वर भरतो व आवाज मऊ होतो. 'दोल्चे' म्हणजे गोड. हा शब्द दिसला कीं हात त्या मऊ जागेकडे न्यावा. एकच तार, एकच पडदा, तेंच बोट. केवळ जागा चार बोटें बदलली कीं तोच स्वर रागावतो किंवा समजूत घालतो.

कित्येक शब्दांत तर चित्रेंच दडलेलीं आहेत. डाव्या तर्जनीनें एका पडद्यावरील अनेक तारा एकदम दाबण्यास स्पॅनिश भाषेंत 'सेखा' म्हणतात, म्हणजे भुंवई! तारांच्या कपाळावर आडवें पडलेलें बोट पाहून कोणास तरी भुंवई आठवली. 'आर्पेज्जो' हा शब्द वीणेच्या जातीच्या हार्प वाद्यावरून आला. जुलियानी यानें उजव्या हातासाठीं याचे १२० लहान धडे लिहून ठेवले आहेत, व आजहि जगभर विद्यार्थी ते गिरवितात. 'कांपानेल्ला' म्हणजे घंटिका. लागोपाठचे स्वर निरनिराळ्या तारांवर घेऊन एकमेकांत झंकारूं दिले म्हणजे हा परिणाम साधतो. 'त्रेमोलो' म्हणजे थरथरणारें. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) याच्या 'आल्हांब्राच्या आठवणी' या रचनेंत अंगठा खालचे स्वर चालवितो व अनामिका, मधलें बोट आणि तर्जनी एकामागून एक वरच्या स्वरावर पडत राहतात, इतकीं कीं तुटणारे स्वर एक अखंड धार वाटूं लागतात. यांतील मर्म असें कीं, शब्द थरथरण्याचा आहे, परंतु हात लवमात्र थरथरतां कामा नये. तिन्ही बोटांचा भार सारखा पडला तरच ऐकणाराचें हृदय हलतें.

आणि 'रुबातो'. याचा अर्थ 'चोरलेलें'. एखाद्या स्वरावर थोडें अधिक थांबावें, म्हणजे पुढच्या स्वरांचा कांहीं काळ त्यानें घेतला. मग पुढें किंचित् लगबग करून तो परत करावा, अशी जुनी शिकवण आहे. आमचे विद्यार्थी घेण्यांत तरबेज, फेडण्यांत आळशी! भावनेच्या नांवाखालीं लय खाऊन टाकणाऱ्या वादकास आम्ही एवढेंच सांगतों कीं, बाबा, संगीतांत चोरीस क्षमा आहे, पण ती मुद्दल परत केल्यावर.

इतका वेळ हे अर्थ सांगितल्यावर कोणी म्हणेल, अर्थ न कळला तर बिघडतें काय? यंत्रावर चित्रफीत लावावी, समोरचा वाजवितो तसें वाजवावें, झालें. या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आमच्या पवित्र शास्त्रांतच मिळतें. स्तोत्रसंहिता वाचणारानें 'सेला' हा शब्द पाहिला नाहीं असें होणार नाहीं. स्तोत्रांत तो ७१ वेळां व हबक्कूकच्या पुस्तकांत ३ वेळां आला आहे. तो बहुधा वाद्याचा किंवा गाण्याचा संकेत असावा. येथें थांबावें, येथें वाद्यें वाजवावीं, येथें आवाज उंचवावा, असे नाना तर्क पंडितांनीं केले आहेत. परंतु त्यांचें एकमत झालेलें नाहीं. ज्या मंदिरांत तो शब्द गाइला जाई तें पडलें, गाणारे पांगले, आणि त्या शब्दाप्रमाणें वागणारे हात व कंठ नाहींसे झाले. भाषांतरकारांनीं शब्द जसाचा तसा ठेवला. पण त्याच्या आज्ञेनें जें घडत असे तें परत आणणें कोणाच्याहि हातीं नाहीं. संगीताचा शब्द पुस्तकांत जगत नाहीं. त्याप्रमाणें वाजविणारा मनुष्य जोंवर आहे तोंवरच तो जिवंत असतो. केवळ नक्कल करणारांची एक पिढी गेली कीं, आंदान्ते व दोल्चे यांनाहि सेलाच्या वाटेनें जावयास वेळ लागणार नाहीं.

मग हे शब्द बदलून शुद्ध मराठी शब्द पानावर छापावेत काय? आमचें मत तसें नाहीं. पान हें साऱ्या जगाचें आहे. नाशिकचा मुलगा व लिस्बनचा मुलगा एकमेकांची भाषा न जाणतां एका पानावरून वाजवूं शकतात, ही लहान देणगी नव्हे. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांस स्वरलेखन वाचावयास शिकवीत. तेथें तयार झालेले कितीएक वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसले, आणि तें केवळ पान वाचतां येत होतें म्हणून. शब्द तोच असावा. पण त्याचा अर्थ मात्र विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेंत त्यास पोंचला पाहिजे. पंडिता रमाबाई यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून केडगांव येथें संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणलें. १९२२ सालीं देहावसान होण्यापूर्वी तें काम त्यांनीं पुरें केलें. प्रपंचांतल्या साध्या बाईस कळेल असा शब्द सांपडावा, ही त्यांची तळमळ होती. शिक्षकाच्या पेशांत असणारानें ती तळमळ थोडी तरी उसनी घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

अर्थ कळल्यानें काय होतें याचें एक उदाहरण सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी आमच्या वर्गांत नववींतील एक मुलगी होती. तार्रेगाची 'लाग्रिमा' ही लहानशी रचना ती शिकत होती. रचना सोळा मापांची. पहिलीं आठ शुद्ध गंधाराच्या छायेंत, पुढचीं आठ कोमल गंधाराच्या. माथ्यावर 'आंदान्ते', आणि शेवटीं 'दा कापो आल फीने', म्हणजे मस्तकापासून शेवटापर्यंत. दुसरा भाग संपल्यावर पुन्हा वर जाऊन पहिला भाग वाजवावयाचा, व त्याच्या अखेरीस जेथें 'फीने' लिहिलें आहे तेथें थांबावयाचें. या रचनेचा शेवट असा पानाच्या मध्यावर येतो.

पावसाळ्याच्या सुट्टींत तिची आई वारली. महिन्यानें ती वसतिगृहांत परत आली. तिनें गिटार काढली आणि कांहीं न बोलतां तीच रचना वाजविली. पण दुसऱ्या भागाच्या शेवटीं, त्या कोमल स्वरावर, ती थांबली. दुसऱ्या दिवशींहि तसेंच. 'दा कापो'चा अर्थ तिच्या वहींत सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. आम्हीं तिला कांहीं म्हटलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनेंच विचारलें, "सर, लाग्रिमा म्हणजे काय हो?" आम्हीं सांगितलें, "अश्रु. एकच अश्रु, तो शब्द एकवचनी आहे." ती पुष्कळ वेळ पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग वरचा भाग रडका कां नाहीं?" याचें उत्तर आमच्याजवळ तयार नव्हतें, आणि तयार उत्तर देणें योग्यहि झालें नसतें. आम्ही इतकेंच म्हणालों, "लिहिणारानें तुला पुन्हा तेथें जावयास सांगितलें आहे. जाऊन पाहा."

ती त्या दिवशीं गेली नाहीं. नाताळच्या आधींच्या आठवड्यांत एका संध्याकाळीं शेजारच्या खोलींतून आम्हांस ती रचना ऐकूं आली. कोमल स्वर संपले, क्षणभर शांतता झाली, आणि पहिला भाग पुन्हा सुरू झाला, चालत्या पावलांनीं, आंदान्ते. पानाच्या मध्यावर ती थांबली. नंतर बाहेर येऊन ती म्हणाली, "सर, वरचे स्वर तेच आहेत, पण आतां ते पहिल्यासारखे लागत नाहींत." ज्या गोष्टी आम्हीं शिकविल्या नाहींत व शिकवूं शकलों नसतों, त्या तिला त्या दोन शब्दांनीं शिकविल्या होत्या. तिचें दुःख त्यांनीं दूर केलें असें आम्ही म्हणत नाहीं. शब्दांच्या अंगीं तेवढें सामर्थ्य नसतें. पण दुःखाच्या शेवटच्या स्वरावर थिजून राहिलेल्या हातांस पुढें कोठें जावयाचें हें त्यांनीं दाखविलें, आणि तिचे हात गेले.

विद्यार्थिमित्रांनो, वहींत दोन रकाने आंखूं नका असें आम्ही सांगणार नाहीं. परीक्षा द्यावयाच्या आहेतच. पण यापुढें तिसरा रकाना आंखा. पहिल्यांत शब्द लिहा, त्याच्या देशांतील उच्चारासह. दुसऱ्यांत त्याचा मूळचा घरगुती अर्थ लिहा, तुमची आजी समजेल अशा मराठींत. आणि तिसरा रकाना कोरा ठेवा. ज्या दिवशीं त्या शब्दामुळें तुमच्या वाजविण्यांत कांहीं बदललें असें तुमच्या कानास जाणवेल, त्या दिवशींची तारीख तेथें घाला. वर्षाच्या शेवटीं आम्ही वह्या तपासूं तेव्हां पहिले दोन रकाने आम्ही घाईनें पाहूं. तिसऱ्यांत चारच तारखा असल्या तरी चालतील. परंतु त्या खऱ्या असाव्यात.